तुळसाअक्काच्या अठ्ठावन्न पिशव्या

तुळसाअक्काला एक विचित्र खोड होती. पुढे होणाऱ्या गोष्टी ती होऊन गेल्यासारख्या सांगायची. शनिवारी काही व्हायचं असलं, तर गुरुवारीच म्हणणार, "त्या दिवशी चाय कमी पडली गो नीरजा."

"अगो, अजून काय झालाच नाय, तर चाय कमी कशी पडात?"

ती हातातली वायर ओढून गाठ घट्ट करायची आणि म्हणायची, "पडली. सुरैय्याचे कप बारके."

मी शाळेत शिकवायची. काल, आज, उद्या पोरांच्या डोक्यात बसवण्यात माझी हयात गेली, आणि कुंपणापलीकडे ही बाई बसून त्याची रोज खिचडी करायची. मला राग यायचा. मला राग लवकर येतो, हे मालवणात आमच्या सगळ्या मेढा वाडीला माहीत आहे. पण शाळा सुटली की पाय मात्र तिच्याच ओटीकडे वळायचे. तिथे दुपारी माडांच्या झावळ्यांची सावली हलत असायची, समुद्र दिसायचा नाही पण ऐकू यायचा, आणि अक्का लाल-पिवळ्या वायरी पायाच्या अंगठ्यात अडकवून पिशवी विणत असायची. तिचं बोलणं ऐकता ऐकता कधीकधी मलाही वाटायचं की आज सोमवार नसून तो शनिवार झालेला आहे, आणि सगळं छान पार पडलं आहे.

अक्काचं माहेर तारकर्लीचं. बाप जाळी विणायचा. ती गाठ अक्काच्या बोटांत लहानपणीच उतरली होती. मालवणात दिली ती एसटीच्या ड्रायव्हरला. त्याचं नाव सत्यवान. नवऱ्याचंच नाव सत्यवान असल्यावर वटपौर्णिमेला बाकीच्या बायका हिला मुद्दाम पहिला दोरा गुंडाळायला लावायच्या. सतरा वर्षं तिने वडाला दोरे गुंडाळले. अठराव्या वर्षी सत्यवान तापाने चार दिवसांत गेला. वडाबद्दल माझं मत मी इथे लिहीत नाही.

त्याने हौसेने घर बांधलं होतं चिऱ्याचं, आणि माजघर एवढं ऐसपैस की त्यात लग्नाची पंगत बसावी. मुलाबाळांची लग्नं इथेच करायची म्हणायचा. मूल झालंच नाही. पण तो असेपर्यंत ते माजघर कधी रिकामं राहिलं नव्हतं. वाडीतली हळदीकुंकवं, डोहाळजेवणं, ज्यांच्या घरी जागा नाही त्यांची बारशी, सगळं अक्काकडे. अक्का लाडू वळायची, सतरंज्या घालायची आणि दारात उभी राहून एकेकीला नावाने आत घ्यायची.

तो गेला आणि ते बंद झालं. कुणी भांडून नाही, ठरवून नाही. आमच्याकडे बायका घोळक्याने कुणाच्या घरी जातात त्या काहीतरी निमित्ताने, आणि ती सगळी निमित्तं कुंकवाची. विधवेच्या घरी बायका जमतात त्या दोनदा. एकदा नवरा गेल्यावर, आणि एकदा ती स्वतः गेल्यावर. मधल्या काळात दारावरून जाताना विचारतात, "काय अक्का, बरा मा?" ती म्हणते, "बरा." झालं.

नऊ वर्षं असं झालं होतं. अक्काला पेन्शन होती, माडाचे नारळ होते, खाण्यापिण्याची ददात नव्हती. तिला एकच हवं होतं. ते माजघर पुन्हा एकदा बायकांनी भरलेलं बघायचं होतं. हे तिने मला स्पष्ट सांगितलं होतं, आणि तेसुद्धा तिच्या पद्धतीने. "नीरजा," ती म्हणाली, "त्या दिवशी इतकी जणां इली, पाय ठेवूक जागा रवली नाय."

मी विचारलं, "कोणत्या दिवशी?"

"ता माका अजून दिसला नाय," अक्का म्हणाली.

तो दिवस सुरैय्याने आणून दिला. सुरैय्या म्हणजे पलीकडच्या आळीतली, तिचा नवरा नुरुद्दीन बंदरावर चहाचं हॉटेल चालवायचा. तिला आमच्या कुंकवाचे नियम लागू नव्हते, म्हणून अक्काकडे बिनधास्त येऊन बसणारी ती एकटीच. १९८३ च्या उन्हाळ्यात ती मुंबईला नणंदेकडे राहून आली आणि तिथली गंमत सांगायला लागली. तिकडे बायका म्हणे घरच्या घरी दुकान मांडतात. ओळखीच्या सगळ्यांना एका दिवशी घरी बोलवायचं, खायला-प्यायला द्यायचं, वस्तू मांडून ठेवायच्या. ज्यांना आवडेल त्या विकत घेतात, बाकीच्या गप्पा मारून जातात.

"निमित्त कसला?" अक्काने विचारलं.

"कसला निमित्त? विकूचा ह्याच निमित्त."

अक्काच्या हातातली वायर तशीच राहिली. कुंकवाशिवायचं निमित्त तिला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सुरैय्या, त्या दिवशी तुझे कप हाडले ता बरा झाला."

आणि तिने पिशव्या विणायला घेतल्या. त्या काळात प्लास्टिकच्या वायरच्या पिशव्यांचं वेड घरोघर होतं, पण अक्काची पिशवी वेगळी. जाळ्याची गाठ असल्यामुळे ओझ्याने ताणायची नाही, आणि बूड असं विणलेलं की मासळीचं पाणी खालून निथळून जायचं, साडीवर ठिपकायचं नाही. मालवणात बाईला दुसरं काय हवं? वायर कोल्हापूरहून यायची. हरिश्चंद्र कंडक्टर सत्यवानाच्या गाडीवर होता, तो बंडलं आणून स्टँडवर ठेवायचा आणि अक्काने दिलेले नारळ घेऊन जायचा.

बोलवायच्या बायका तिने वहीत लिहिल्या होत्या. अठ्ठावन्न. आणि पिशव्याही अठ्ठावन्नच. मी म्हटलं, "सगळी घेतलीच असा थोडाच आसा? आणि एकेकीन दोन घेतल्यान तर?"

"तशी नाय," अक्का म्हणाली. "ही पोस्टातल्या बाईची. तिका निळो आवडता. ही देवलातल्या वैनीची, ती रोज फुला हाडता, तेंका वारो लागाक होयो, म्हणान भोका मोठी." प्रत्येक पिशवी कुणाची तरी होती. मापसुद्धा. बुटकीला बंद आखूड, उंचेलीला लांब. जिच्या घरी माणसं जास्त, तिची पिशवी खोल. मला ही शुद्ध वेडगळ रीत वाटली, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. दुकानदार असा धंदा करत नाही. अक्काने त्या अठ्ठावन्नांत न धरलेली माझी पिशवी उचलून दाखवली. तिला आतून एक कप्पा होता, शाळेच्या वह्या भिजू नयेत म्हणून.

डिसेंबरात एका दुपारी गेले तर माजघरभर करवंट्या उपड्या मांडलेल्या. अक्का मधोमध उभी, साडीचा ओचा खोचून.

"ह्या काय मांडलंस?"

"बसायची जागा बघतंय. हळू ये, काकीवर पाय पडात."

भिंतीला टेकून एक मोठी करवंटी होती. ती अंबूकाकी. तिचा गुडघा दुखतो, म्हणून भिंतीला टेकू हवा. तिच्यापासून लांब, पार दाराशी, लवू मास्तरांची बायको, कारण दोघींचं तीन वर्षं वाकडं होतं. नव्यानेच लग्न झालेल्या चौघीजणी खिडकीपाशी, त्यांना बाहेर बघून हसता यावं म्हणून. अक्का एकेक करवंटी इकडची तिकडे करत होती, मध्येच थांबून एखादीला विचारत होती, "बरी बसलंस मा गो?" उन्हाचा पट्टा कौलाच्या काचेतून खाली येऊन त्या करवंट्यांवरून सरकत गेला. मी एक करवंटी उचलून माझ्या जागी ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसलो होतो, भरलेल्या घरात बसावं तशा. मला अजून ती दुपार आठवते. करवंट्यांची आठवण काढून माणूस रडत नाही, पण मला तसं होतं.

या अंबूकाकीबद्दल सांगायला हवं. वाडीतले सगळे रीतिरिवाज तिच्या पदराला बांधलेले. कुणाच्या बारशाला काय न्यायचं, सुतक किती दिवस, गौरीला कुठली भाजी, सगळं तिला विचारून. संक्रांतीच्या वाणाचा नियमही तिचाच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आम्ही बायका हळदीकुंकू करतो आणि येणाऱ्या प्रत्येकीला काहीतरी वस्तू देतो, ते वाण. कुणी साबणाची डबी देतं, कुणी चहाची गाळणी. एका वर्षी कुणी चांगली वाट्यांची वाणं घेतली आणि देणारीला आपल्याकडे बोलावलंच नाही, त्यावरून मोठं रामायण झालं. तेव्हा अंबूकाकीने ठणकावून सांगितलं, की जिच्या हातचं वाण घेतलं, तिला वर्षाच्या आत करंडा घेऊन बोलवायला जायचं. नाहीतर घेतलेलं परत द्यायचं. तेव्हापासून वाडीत कुणाची बिशाद नव्हती.

अक्काने शनिवार ठरवला तो माझ्यासाठी, शनिवारी माझी सकाळची शाळा असते. आणि जानेवारीच का, तर पुढे आंगणेवाडीची जत्रा. जत्रेला नवी पिशवी लागतेच. संक्रांत होऊन गेली होती, हळदीकुंकवांचे दिवस चालू होते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. नऊ वर्षं त्या दिवसांत तिला कुणी बोलावलं नव्हतं, तिच्या कालनिर्णयातून ते पंधरा-वीस दिवस गळूनच गेले होते. माझ्या तरी लक्षात यायला हवं होतं. माझं स्वतःचं हळदीकुंकू अजून करायचं बाकी होतं. घर लहान, दरवर्षी दोन तुकड्यांत बायका बोलवाव्या लागतात, म्हणून कंटाळा करत होते.

आमंत्रणं मी द्यायची असं ठरलं. रविवारी सकाळी निघाले. काय सांगायचं ते पाठ होतं. शनिवारी चार वाजता अक्काच्या घरी या, तिने पिशव्या केल्यात. बघा, आवडली तर घ्या.

आता मी जे केलं ते शपथेवर सांगते, मुद्दाम केलं नाही. आमच्या दाराजवळच्या कोनाड्यात कुंकवाचा करंडा असतो. त्या दिवसांत घरोघर बोलावणं करायला निघालं की हात आपोआप त्याच्याकडे जातो. चपला घालताना जसं डोकं लागत नाही, तसंच. पहिलं घर अंबूकाकीचं. मी दारात उभी, काकीने कपाळ पुढे केलं, मी बोट टेकवलं, आणि मग माझं वाक्य शब्द न् शब्द म्हटलं. "बरा, येतंय," काकी म्हणाली. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. दुपारी एक वाजेपर्यंत अठ्ठावन्न कपाळं झाली आणि माझं बोट दुसऱ्या पेरापर्यंत लाल झालं.

परत आले तेव्हा अक्का ओटीवर बसली होती.

"येतली?"

"सगळी येतली," मी म्हटलं. मला फार अभिमान वाटत होता.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. थोडा वेळ पाहतच राहिली. मग म्हणाली, "पाणी पी. उन्हातना इलंस."

शनिवारी सकाळी सुरैय्या दोन टोपल्या भरून कप घेऊन आली. अक्काने आदल्या दिवशी खटखटे लाडू केले होते, त्यांचा गुळाचा वास खळ्यापर्यंत येत होता. देवळातल्या सतरंज्या आल्या होत्या. खांबापासून खांबापर्यंत सुंभ बांधून आम्ही पिशव्या टांगल्या, तीन रांगा. वाऱ्याने त्या हलायच्या, आणि सगळ्या माजघरात रंगांच्या सावल्या फिरायच्या. अक्का खाली उभी राहून बघत होती. धुतलेली पांढरी साडी, काठाला बारीक हिरवी रेघ.

चारला दहा मिनिटं असताना फाटक वाजलं. अंबूकाकी पहिली. तिने नऊवारी रेशमी लुगडं नेसलं होतं, नाकात नथ होती, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर. मला वाटलं, बाई पिशवी घ्यायला एवढी नटून येते? मागोमाग बाकीच्या. सगळ्याजणी भरजरी. आणि एकीच्याही हातात साधं पाकीट नाही. कुणाच्या कमरेला चंची नाही.

काकी बरोबर भिंतीला टेकून बसली. चौघी नव्या नवऱ्या खिडकीशी गेल्या. लवू मास्तरांची बायको दाराशी. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्या करवंट्यांच्या जागी जाऊन बसल्या. मी तिकडे कौतुकाने बघत होते, तेवढ्यात काकी मोठ्याने म्हणाली, "नीरजा, बरा केलंस गो. तुझ्या घरात दाटी होता, अक्काचा घर घेतलंस ता बरा केलंस. आणि वाण काढलंस ता तर..." तिने टांगलेल्या पिशव्यांकडे हात केला, "लाखात एक!"

माझ्या बोटावरचं कुंकू तेव्हा कुठे माझ्या डोक्यापर्यंत पोचलं. करंडा घेऊन गेले, म्हणजे हळदीकुंकू. मी गेले, म्हणजे माझं. पिशव्या केल्यात म्हटलं, म्हणजे तेच वाण. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पन्नासच्या वर सवाष्णी कपाळ पुढे करून कुंकवाची वाट बघत बसल्या होत्या. त्यांना आता मी काय सांगणार होते? की बायांनो, हा बाजार आहे, उठा आणि पैसे घेऊन या?

मी स्वयंपाकघरात धावले. अक्का चुलीपाशी उभी होती, चहा उकळत होता. सुरैय्या कप पुसत होती. मी एका दमात सगळं सांगितलं आणि रडायला लागले. आठ महिन्यांची मेहनत माझ्या मूर्खपणाने गेली, असं म्हटलं.

सुरैय्याने कप खाली ठेवला. "तू शाळेत शिकवतंस मा गो?" ती म्हणाली.

अक्का मात्र शांत होती. "ठाव आसा माका," ती म्हणाली. "आयतवारी तुझा बोट बघलंय मी."

मला काही क्षण कळेच ना. मग असा संताप आला की रडू थांबलं. "मगे सांगूक काय झाला होता?"

"सांगलं असतंय तर तू परत घरोघर गेली असतंस. मगे कोण इला असता?" तिने पदराने हात पुसले आणि हळूच विचारलं, "किती जणां इली?"

"सगळी. अठ्ठावन."

ती दाराच्या फटीपाशी जाऊन बाहेरचा आवाज ऐकत उभी राहिली. बांगड्यांचा, हसण्याचा, एकमेकींच्या साड्यांबद्दल विचारण्याचा तो आवाज. मी तिचं तोंड बघितलं आणि माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. तिने मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. पिशव्या जाऊ देत. आपण आत राहायचं, हळदीकुंकवात आपण पुढे यायचं नाही. आत उभं राहून ऐकायचं, तेवढं पुरे.

"जा," ती म्हणाली. "कुंकू लाव तेंका. आणि वाण वाट."

मी बाहेर गेले. कुंकू लावलं, तिळगूळ दिला, लाडू फिरवले. सुरैय्याने चहा दिला, आणि चहा कमी पडला. मग मी पिशव्या सोडायला घेतल्या. डोळ्यांपुढे धड दिसत नव्हतं, जी हाताला लागली ती काढली. पोपटी रंगाची, आखूड बंदाची, कडेला गुलाबी फुलं विणलेली. ती अंबूकाकीच्या हातात ठेवली.

"ती न्हय!"

स्वयंपाकघराच्या दारातून अक्का बाहेर आली होती. आपण कुठे आहोत, कोणता दिवस आहे, हे ती साफ विसरली होती. सरळ बायकांच्या मधून चालत आली आणि तिने काकीच्या हातून ती पिशवी काढून घेतली.

"ही खिडकीकडच्या चेडवाची. तुमची ही." तिने सुंभावरून एक काढली, जांभळी, पांढऱ्या काठाची. "बंद लांब ठेवलंय. खांद्यार अडकवा. तुमचो गुडघो दुखता मा, बाजारातसून येताना एक हात कुंपणाक धरूक मोकळो होयो."

पांढऱ्या साडीतली अक्का, आणि सभोवती ताज्या कुंकवाची अठ्ठावन्न कपाळं. तेव्हा ती भानावर आली. तिचा हात तसाच पुढे राहिला, पिशवी धरलेला. ती मागे सरकणार होती. मी ते तिच्या पायांवरून ओळखलं.

काकीने पिशवी घेतली. आधी गाठ तपासली, मग बूड. मग बसल्या बसल्याच बंद खांद्याला अडकवून हात मोकळा करून पाहिला. तो भिंतीला टेकवला. मग म्हणाली, "ह्या वाण तुझा, काय नीरजाचा?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तिचा. गाठ न् गाठ तिची."

"हूं," काकी म्हणाली.

खिडकीशी बसलेली एक मुलगी उठली. "अक्का, माझी खंयची?" मग दुसरी. मग पोस्टातली बाई. अक्का एकेकीची पिशवी काढून हातात देत गेली, आणि ती तशी का केली ते सांगत गेली. जिचं मूल अजून अंगावर पीत होतं तिच्या पिशवीला बाटलीची जागा, जिला नातवंडांना खाऊ न्यायचा तिच्या पिशवीला झाकण. आपल्याबद्दल इतका विचार कुणी केला होता, हे त्या बायकांना नवीन होतं. लवू मास्तरांची बायको तर पिशवी छातीशी धरून रडायलाच लागली, आणि अंबूकाकीने तीन वर्षांनी पहिल्यांदा तिला काहीतरी विचारलं. सहा वाजता सगळ्या गेल्या. सुंभ रिकामं राहिलं. सतरंज्यांवर तिळाचे दाणे आणि अबोलीची फुलं पडली होती, आणि अक्का ती झाडायला देईना.

नंतरचं वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगते. मासळीबाजारात उभं राहिलं की जिकडेतिकडे अक्काच्या पिशव्या दिसायच्या. देवबाग-तारकर्लीच्या बायका विचारायला लागल्या, कुठून घेतलीस? बंडलं एवढी वाढली की हरिश्चंद्राला ती स्टँडवरून घरापर्यंत डोक्यावर आणून द्यावी लागायची. म्हणजे विक्री झालीच, बायका बोलावल्याशिवाय झाली. पण त्या बायका फाटकाशी येऊन पिशवी घेऊन जायच्या. माजघर पुन्हा रिकामं. अक्का त्याबद्दल बोलत नव्हती. पुढच्या कुठल्याही दिवसाचं ती काही सांगेना. मी टोचून विचारलं तर म्हणायची, "माका काय दिसना नाय गो." ते ऐकून मला जितकं वाईट वाटलं तितकं दुसऱ्या कशाने नाही.

पंच्याऐंशी सालची संक्रांत आली. किंक्रांत सरल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते आणि कुंपणापलीकडे फाटक वाजलं. अंबूकाकी. खांद्याला जांभळी पिशवी, एक हात कुंपणाला, दुसऱ्या हातात करंडा.

अक्का ओटीवर विणत होती. उठून उभी राहिली. काकी पायऱ्या चढली, करंडा उघडला, कुंकवात बोट बुडवलं, आणि थांबली. आयुष्यात पहिल्यांदा अंबूकाकीला रीत माहीत नव्हती. लाल बोट तसंच हवेत धरून ती अक्काच्या कपाळाकडे बघत राहिली, आणि अक्का खाली. मी तांब्या धरून इकडे उभी.

मग काकी वाकली. गुडघा दुखत असताना, कुंपण नसताना, एक हात चौकटीला धरून वाकली आणि तिने ते कुंकू उंबरठ्याला लावलं.

"सुक्रवारी चार वाजता ये," ती उठता उठता म्हणाली. "वाण घेतलंय तुझा. नियम म्हणजे नियम." आणि जाताना वळून म्हणाली, "हयो बंद जरा सैल झालोहा, तो येताना बघ."

तिच्या मागोमाग बाकीच्या आल्या. यायलाच हव्या होत्या, प्रत्येकीने अक्काच्या हातचं वाण घेतलं होतं. सगळ्यांनी उंबरठ्यालाच कुंकू लावलं, कारण काकीने तसं लावलं होतं.

त्या वर्षी रथसप्तमी लवकर होती. माझं हळदीकुंकू मी नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत लांबवलं. आदल्या दिवशी चार वाजता करंडा घेऊन अक्काकडे गेले, तर दाराला कुलूप. हाका मारल्या. पलीकडून सुरैय्या ओरडली, "ती खंय गावता? तिका आज पाच घरा आसत!"

सत्यवानाने बांधलेल्या त्या घराला मी कधीच कुलूप बघितलं नव्हतं. अक्का कुठे जातच नव्हती, तर कुलूप कोण लावणार? उंबरठा या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झाला होता. मला रडू आलं, आणि रागही आला, कारण कुंकवाच्या हाताने डोळे पुसता येत नाहीत. उंबरठ्यावर थोडी कोरी जागा शोधली, माझं बोट टेकवलं, आणि घरी आले.